जमीनमालक बाईंची हरकत नाही

एल्क फोर्क
११ सप्टेंबर २०१२

प्रिय नेल्स,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस आणि डॉक्टरला शहाणपण शिकवू नकोस. पाईप तू पुष्कळ जोडलेस, पण गुडघे त्याने जोडलेत.

इकडे गवत अजून अर्धं कुरणात पडून आहे. दोन दिवस कोरडे गेले की तिसऱ्या दिवशी हमखास भिजतं. ते असो. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने.

गेल्या मंगळवारी दारात एक पांढरी पिकअप थांबली. आतून एक चाळिशीचा गृहस्थ उतरला. नाव ड्वेन पेटकाऊ. अल्बर्टाचं तेल डोंगर ओलांडून समुद्रावर न्यायचं म्हणतात ना, त्या पाईपलाईनच्या कंपनीचा माणूस. जमीनमालकांना भेटून त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि लिहून घ्यायचं, हे त्याचं काम. त्याने माझ्या टेबलावर नकाशा पसरला. नकाशावर एक लाल रेघ, आणि ती रेघ माझ्या वरच्या कुरणातून जाते. झऱ्याच्या वरच्या अंगाने. संध्याकाळी मी पावलं मोजली. ऐंशी भरली.

तो झरा म्हणजे काय हे तुला सांगायला नको. घरात तेच पाणी, गोठ्यात तेच पाणी. उणे चाळीसमध्ये सगळी दरी गोठते, पण तो वाहतो. त्यात तेलाचा थेंब उतरला तर गुरं विकायची आणि घराला कुलूप घालायचं, दुसरं काही उरत नाही. बहात्तराव्या वर्षी मी कुठे जाणार?

हे सगळं मी त्याला सांगणारच होते रे. पण तो बिचारा उंबऱ्याशी बूट काढून उभा, आणि मोज्याला भोक. त्याला आत घेतलं. दालचिनीचे बन नुकतेच भट्टीतून निघाले होते. मग तो रेघ दाखवत होता आणि मी म्हणत होते, "असं का." तो म्हणाला, पाईप एकदम मजबूत आहे. मी म्हटलं, "बरं." तो म्हणाला, पुन्हा येऊ का? आता घरी आलेल्या माणसाला येऊ नका असं कोण म्हणतं? मी म्हटलं, "बघू."

आपल्या आईने जन्मात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. नको असलं की 'बघू', अगदीच नको असलं की 'बघू हं'. एल्क फोर्कमध्ये ठरत आलेली लग्नं मोडली आहेत 'बघू हं'वर, आणि मोडली हे दोन्हीकडच्यांना त्याच क्षणी कळलंय. या माणसालाही कळलं असेल असं धरून चालते.

एक मात्र नवल वाटलं. जाताना म्हणाला, "तुमच्या बनांबद्दल फार ऐकून होतो." कुणाकडून ते काही बोलला नाही.

थोरा

०

एडमंटन
२५ सप्टेंबर २०१२

प्रिय थोरा,

गुडघा पंधरा दिवसांत नवा होईल. डॉक्टर पोरसवदा आहे, पण हात स्थिर वाटला. वेल्डर झाला असता तर नाव काढलं असतं.

तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. अडतीस वर्षं मी पाईप जोडले. चिखलात, बर्फात, डासांच्या ढगात उभा राहून जोडले. माझा एकही सांधा आजवर गळलेला नाही, हे तू कुणालाही छातीठोकपणे सांग. आता तर यंत्रंच सगळं तपासतात. झऱ्याला पाईप आहे की नाही याचा पत्तासुद्धा लागणार नाही.

तो पेटकाऊ सरळ माणूस असावा. बनांचं काय घेऊन बसलीस? गावातल्या कॅफेत कुणी बोललं असेल. तुझे बन काय गुपित आहेत?

आणि कुलपाचं म्हणशील, तर इथे तळघरातली खोली नऊ वर्षं तुझी वाट बघते आहे. माझी ईडिथ गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी ती सारवूनसुरवून, म्हणजे रंगवून, तयार केली. आता हिरवा गालिचाही घातलाय. खिडकी छोटी आहे पण उजेड येतो. दर नाताळाला विचारतो, दर नाताळाला तू म्हणतेस 'बघू'. म्हणजे येणार हे नक्की, फक्त कधी ते ठरायचंय. झरा, गुरं, गवत, बर्फ उपसणं, किती दिवस करशील?

नेल्स

०

एल्क फोर्क
२ नोव्हेंबर २०१२

प्रिय नेल्स,

पेटकाऊ सहा वेळा येऊन गेला.

पाचव्या खेपेनंतर मी ठरवलं, आता स्पष्ट सांगायचं. गोठ्यात जाऊन सराव केला. हिल्डा गाईसमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "नाही, मिस्टर पेटकाऊ. माझ्या झऱ्याच्या वर खणायचं नाही." हिल्डा दोन पावलं मागे सरली. त्या संध्याकाळी तिने दूध निम्मंच दिलं. पुढचे तीन दिवस मी तिची समजूत घालत होते की तुला नव्हतं म्हटलं गं.

मग तो आला. मी दार उघडलं, 'ना' ओठांवर आणला, तेवढ्यात तो म्हणाला, बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ती माहेरी आहे, घरी डबे उघडून खातो आहे. मग काय करायचं? बसवला, जेवू घातला, डझनभर बन बांधून दिले. आणि त्या भोकाच्या मोज्याकडे मला बघवेना म्हणून विणून ठेवलेला एक जोडही दिला. तो म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं भेटली की कामाचा शीण जातो." मी म्हटलं, "बघू हं." तेवढ्या वेळात दुसरं काही सुचलंच नाही.

तो गेल्यावर इतका संताप आला स्वतःचा की उरलेलं पीठ कोंबड्यांना घातलं.

आता ऐक. काल टपालात एक जाड पाकीट आलं. या पाईपलाईनची चौकशी करायला जे तीन माणसांचं मंडळ नेमलंय, त्यांच्याकडून. ते गावोगाव जाऊन ज्याने नाव नोंदवलं त्याचं दहा दहा मिनिटं ऐकून घेणार आणि मग सरकारला सांगणार, पाईप घाला किंवा घालू नका. चार हजारांवर नावं आलीत म्हणे. तर त्या पाकिटात लिहिलंय की श्रीमती थोरा बाकेन यांनी २२ जानेवारीला दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी कर्लिंगच्या खेळाच्या हॉलमध्ये बोलायचं आहे. प्रकल्पाच्या बाजूने.

बाजूने! मी असला कुठलाही फॉर्म भरलेला नाही. माझी खोटी सही करायची हिंमत कुणाची झाली?

थोरा

०

एडमंटन
१२ नोव्हेंबर २०१२

प्रिय थोरा,

अगं माझी झाली! सहीची गरजच नव्हती, कंप्युटरवर नुसतं नाव घालायचं असतं. जुन्या वेल्डरांच्या संघटनेने आम्हाला सांगितलं होतं, स्वतःचं घाला आणि घरातल्या आणखी एकाचं घाला. माझ्या घरातली दुसरी तू. मी ऑगस्टमध्ये फोनवर विचारलं होतं, तुझं नाव घालू का? तू म्हणालीस, "बघू." मग घातलं.

तू रागावशील असं वाटलं नव्हतं. दहा मिनिटं आहेत, काहीही बोल. हवामानावर बोल. पोरांना काम मिळेल म्हण, खाली बस.

गुडघा उत्तम. जिना उतरून रोज एकदा तुझ्या खोलीत जाऊन येतो, व्यायाम म्हणून.

नेल्स

०

एल्क फोर्क
९ डिसेंबर २०१२

नेल्स,

तुझ्यावर रागवायला सध्या वेळ नाही. त्याहून मोठा राग मध्ये आलाय.

विनिफ्रेड तुला आठवते ना, शाळेची बस चालवते ती? नदीपलीकडे त्यांच्या, इथल्या मूळच्या लोकांची वस्ती आहे, आणि त्यांच्या कुळाच्या वतीने या चौकशीत तीच कागद वाचते. कंपनीने मंडळाला दिलेले कागद तिच्या घरी खोक्यांनी येतात. पोरांना शाळेत सोडलं की दुपारपर्यंत बसमध्ये बसून वाचते, हीटर लावून. परवा ती माझ्याकडे आली, कॉफी घेतली, आणि म्हणाली, "थोरा, तू यात आहेस. आणि भलतीच गोड आहेस."

आठव्या खंडात 'जमीनमालकांशी सल्लामसलत' असं प्रकरण आहे. माझ्या नावाची दोन पानं. उतरवून पाठवते:

"भेट १. बाईंनी स्वागत केले. कॉफी. बन (२). प्रकल्पाबद्दल उत्सुकता. हरकत नाही."

"भेट ४. बन (३). बाई म्हणाल्या, 'बघू हं.' कल अनुकूल."

"भेट ६. जेवण. बन (१२, बांधून). मोजे (१ जोड). संबंध अत्यंत सलोख्याचे. हरकत नाही."

"भेट ९. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. संमती धरली."

नऊ वेळा त्याने माझं खाल्लं आणि नऊ वेळा माझी हरकत नाही असं लिहिलं! त्यात वाईट हे की तो खोटं लिहीत नाहीये. बन तीनच खाल्ले होते, मला आठवतंय.

मी इतकी चिडले, की विनिफ्रेड हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, तुझे आजोबा बोटीतून उतरून या दरीत आले तेव्हा उपाशी होते. माझ्या पणजीने त्यांना मासे वाढले. तेही कुणीतरी असंच लिहून घेतलं असणार. बघ ना, तुम्ही अजून इथेच आहात."

मला हसावं की मरावं कळेना. मी तिला आणखी एक बन वाढला. ती म्हणाली, "हा कुठल्या खात्यात लिहू?"

पण खरं विष शेवटच्या ओळीत आहे. "टीप: निकटच्या माहितगाराकडून कळते की बाई कुणालाही नकार देत नाहीत. बनांची स्तुती करावी, घाई करू नये, गप्प बसल्यास होकार समजावा."

हा निकटचा माहितगार कोण ते मला कळलंय. पाद्री लिंडक्विस्ट. दर रविवारी प्रार्थनेनंतर माझ्याकडे जेवतो, माझा स्वभाव त्याच्याइतका कुणाला माहीत आहे? मी त्याचं जेवण बंद केलंय. गेल्या रविवारी दारात उभा होता, मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला. थंडीत दहा मिनिटं थांबून गेला. चोराच्या मनात चांदणं नसतं तर एवढा वेळ थांबला असता का?

थोरा

०

एडमंटन
२० डिसेंबर २०१२

प्रिय थोरा,

पाद्र्याला आत घे. तो नसेल. मला आतून वाटतं की तो नसेल. सत्तरीचा माणूस आहे, न्यूमोनिया होईल.

त्या नोंदीचंही फार मनावर घेऊ नकोस. कागद भरायचे असतात म्हणून भरतात. कामावर आम्हीही भरायचो.

बावीस जानेवारीला मीही येतोय. तुझ्यानंतर लगेच माझा नंबर आहे, दोन पन्नासला. उतरायला मोटेलात खोली घेतली आहे, तुला त्रास नको. नाताळाच्या शुभेच्छा. या वर्षी खोलीचं विचारत नाही.

नेल्स

०

एल्क फोर्क
२४ जानेवारी २०१३

नेल्स,

मोटेलात उतरलास. बाबांनी बांधलेलं घर तीन मैलांवर असताना, हीटर खडखडणाऱ्या मोटेलात. एवढी कसली लाज वाटत होती तुला? हॉलमध्ये तुला बघितलं. ईडिथच्या अंत्यविधीचा सूट घातला होतास. माझ्याकडे एकदाही मान वळवली नाहीस.

तू उजवीकडे बसला होतास म्हणून तुला दिसलं नसेल ते सांगते. कर्लिंगच्या बर्फावर फळ्या टाकल्या होत्या, त्यामुळे पाय सगळ्यांचेच गारठत होते, बाजूच्यांचे आणि विरोधाच्यांचे सारखेच. टाळ्या वाजवायला मनाई, म्हणून बायका विणत बसल्या होत्या. कुणी चांगलं बोललं की सुया जोरात चालायच्या. विनिफ्रेडची मावशी तिच्या भाषेत पूर्ण दहा मिनिटं बोलली, मग दुभाष्याने तेच इंग्रजीत सांगायला आणखी दहा घेतली, आणि घड्याळाचा लाल दिवा लागलेला असताना अध्यक्षांनी त्याच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

महिला मंडळाने मागे चाळीस पदार्थ मांडले होते. ते तिघे मंडळवाले त्याला शिवले नाहीत. मी स्वतः लेफ्सा घेऊन गेले, बटाट्याची पातळ पोळी, गरम. अध्यक्ष म्हणाले, "माफ करा, निकाल देईपर्यंत आम्हाला इथलं काही खाता येत नाही." तिघांनी गाडीत बसून आपापली सँडविचं खाल्ली. मला आधी अपमान वाटला. मग वाटलं, पेटकाऊला हे कुणीतरी शिकवायला हवं होतं.

माझं नाव पुकारलं. भाषण विनिफ्रेडने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, पण चष्मा तिच्या बसमध्ये राहिला. समोर नुसती राखाडी पट्टी दिसत होती. हिरवा दिवा लागला. मी म्हटलं, "माझं नाव थोरा बाकेन. कागदावर मी बाजूने आहे असं लिहिलंय, आणि माझी हरकत नाही असंही नऊ वेळा लिहिलंय. माझं म्हणणं, नाही."

झालं. एवढंच निघालं. पण निघालं, नेल्स! बहात्तर वर्षं आत बसून होतं.

अध्यक्ष वाट बघत राहिले. म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?" मी म्हटलं, "नाही." दुसऱ्यांदा तर सहज आलं. ते म्हणाले, "मग आपण खाली बसू शकता." मी विचारलं, "दहा मिनिटं माझी आहेत ना?" म्हणाले, हो. मी म्हटलं, "मग मी उभी राहते. मी गप्प बसले की लोक होकार समजतात. आज गप्प उभी राहते, तुम्ही सगळे बघा, यात होकार कुठे दिसतो का."

आणि उभी राहिले. पिवळा दिवा लागला, लाल लागला. मागच्या रांगेत पेटकाऊ होता. माझे मोजे घालून आला होता. तो सबंध वेळ त्याच मोज्यांकडे बघत होता.

मला तुझं ऐकायला थांबता आलं नाही. तीन वाजता विनिफ्रेडला पोरांना घ्यायला शाळेत पोचायचं होतं आणि मी तिच्या बसने आले होते. खरं सांगायचं तर थांबायचंही नव्हतं. सख्ख्या भावाने माझ्या पाठोपाठ उठून माझ्या विरुद्ध बोलावं, हे ऐकायला मी तिथे कशाला थांबू? काय बोललास ते मला लिहू नकोस.

थोरा

०

एल्क फोर्क
२ मार्च २०१३

प्रिय नेल्स,

पाच आठवडे तुझं पत्र नाही. मीच लिहू नको म्हटलं होतं, पण तू माझं कधीपासून ऐकायला लागलास?

जो बोलला त्याला मंडळ सगळ्या बोलण्याची छापील प्रत पाठवतं. काल माझी आली. ओळींना आकडे घातलेत. माझं पान बघितलं: "(शांतता. नऊ मिनिटे बारा सेकंद.)" मला फार बरं वाटलं. त्यांनी शांततेला शांतताच म्हटलं आहे.

मग पान उलटायचं नव्हतं, पण उलटलं. तू काय बोललास ते तुलाच पाठवते, कारण मला अजून खरं वाटत नाही.

"श्री. नेल्स रुस्ताद: मी बाजूने बोलणार होतो. कागद आणलाय. आता तो वाचत नाही. आत्ता उभी होती ती माझी बहीण. तिचं नाव बाजूने मी घातलं. पेटकाऊंना तिचा पत्ता मी दिला. बनांची स्तुती करा, ती नाही म्हणत नाही, गप्प बसली तर हो समजा, हेही मीच सांगितलं. पाद्री लिंडक्विस्ट इथे असतील तर त्यांची माफी मागतो.

"अध्यक्ष: श्री. रुस्ताद, आपण प्रकल्पाबद्दल बोलावं.

"श्री. रुस्ताद: तेच बोलतोय. पाईप चांगला असतो. मी चांगले पाईप जोडलेत. माझा एकही सांधा गळला नाही असं मी सगळ्यांना सांगतो. एक गळला होता. एकोणऐंशी सालच्या मार्चमध्ये. एका शेताजवळ. मला आदल्या दिवशी माहीत होतं की तो नीट बसलेला नाही, पण उणे पस्तीस होतं आणि मुकादम घाई करत होता. नोंदीत 'हवामान' असं लिहिलं. त्या शेतावर एक म्हातारं जोडपं होतं, त्यांनी आम्हाला सूप दिलं होतं. त्यांच्या विहिरीत (अस्पष्ट).

"अध्यक्ष: पाणी हवं का आपल्याला?

"श्री. रुस्ताद: नको. झालं माझं."

नेल्स, मी हे गोठ्यात हिल्डाला वाचून दाखवलं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं आणि एकटीने वाचवेना. मग पाद्र्याला फोन केला. रविवारी येऊन तो दोघांचं जेवला आणि मला एका शब्दाने बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

माहितगार तू होतास म्हणून मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. पुढचे दोन महिने तरी चिडलेली राहीन, तशी तयारी ठेव. पण तू ते चारशे माणसांसमोर उभा राहून सांगितलंस, ज्यात तुझे निम्मे जुने सोबती होते. ते सोपं नव्हतं.

जिथे (अस्पष्ट) लिहिलंय तिथे तू काय म्हणालास?

थोरा

०

एडमंटन
१२ मार्च २०१३

प्रिय थोरा,

तिथे मी काही म्हणालो नाही. मी रडत होतो. लिहिणाऱ्या मुलीला ते कळलं असावं, तिने माझी लाज राखली.

त्यांच्या विहिरीत तेल उतरलं. वसंतात ते जोडपं शेत सोडून गेलं. कुठे गेलं मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. ईडिथलासुद्धा हे सांगितलं नव्हतं.

वेल्डर संघटनेचा मंगळवारचा पत्त्यांचा डाव मी सोडलाय. म्हणजे त्यांनी मला बोलवायचं सोडलंय. एक जण मात्र घरी येऊन गेला. बराच वेळ बसला. उठताना म्हणाला, त्याचेही दोन होते.

आता तुला एक सरळ विचारतो. त्या दिवशी तू उभी होतीस ती नऊ मिनिटं मी मंडळाकडे बघत नव्हतो, जमिनीकडे बघत होतो, आणि मला तो हिरवा गालिचा दिसत होता. मी पेटकाऊला काय शिकवलं? जे मी स्वतः नऊ वर्षं करत आलो तेच. थोरा, 'बघू'चा अर्थ मला माहीत होता. आपण एकाच आईची पोरं. माहीत असूनही मी दर वर्षी हो धरत होतो, कारण इथे संध्याकाळी कुणी नसतं. तुझ्या झऱ्याजवळून रेघ गेली तर तू इकडे येशील, असंही मला वाटलं होतं. नकाशा बघितल्यावर पहिल्यांदा तेच वाटलं. हे मी मंडळाला सांगितलं नाही, तुला सांगतो.

तर विचारतो. तळघरातल्या खोलीत राहायला येशील का?

नेल्स

०

एल्क फोर्क
२८ मे २०१३

प्रिय नेल्स,

दोन महिने चिडलेली राहीन म्हटलं होतं, वर तीन आठवडे झाले. तुझ्या पत्राचं शेवटचं पान वाचून चिडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं होतं.

परवा पेटकाऊ आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणाला, "बाई, मी मुद्दाम काही खोटं लिहिलं नव्हतं." मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणून तर झोप लागत नव्हती." कॉफी दिली, माणसाला कॉफी द्यायचं मी काही सोडणार नाही. पण पायरीवर दिली, आणि त्याने घोट घ्यायच्या आधी त्याची वही मागून घेतली. त्यात माझ्या हाताने लिहिलं, "कॉफी म्हणजे कॉफी," आणि खाली सही केली.

कंपनीने नकाशा बदललाय. रेघ झऱ्याच्या वरून उचलून माझ्या कुंपणाबाहेर, खालच्या अंगाला नेली आहे. झरा सुटला. तो म्हणाला, आता तर तुमच्या जमिनीचा संबंधच नाही, शेजारी म्हणून या फॉर्मवर 'हरकत आहे' की 'हरकत नाही', तेवढी खूण करा. मी नकाशा नीट बघितला. खालच्या अंगाला नदी आहे. विनिफ्रेडची माणसं तिथे मासे धरतात. मी 'हरकत आहे' वर खूण केली. तो बिचारा इतका कोमेजला की पूर्वीची मी असते तर आतून बन आणले असते. आणलेच, पण तो गेल्यावर, मला.

मंडळाचा निकाल वर्षाच्या अखेरीस येईल. काय येईल कुणाला ठाऊक. विनिफ्रेड म्हणते, हो म्हणतील आणि वर दोनशे अटी घालतील. मग आम्ही पुन्हा बसमध्ये बसून वाचू. माझा चष्मा आता तिथेच ठेवते.

आता तुझा प्रश्न.

नाही. तळघरातल्या खोलीत मी राहायला येणार नाही. या नाताळाला नाही आणि पुढच्याही नाही. मी पहिल्याच वर्षी असं सांगितलं असतं तर तुझा गालिच्याचा खर्च वाचला असता. ती माझी चूक, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं.

तू मनात काय धरलं होतंस ते वाचून मी पत्र चुलीत टाकायला उठले होते. टाकलं नाही. नऊ वर्षं तू तिथे एकटा संध्याकाळी जिना उतरतोस आणि एका रिकाम्या खोलीत जाऊन वर येतोस, हे मला कळायला हवं होतं. तू लिहीत होतास, व्यायाम म्हणून. मीही जे लिहिलंय तेच खरं धरलं.

नेल्स, तू इकडे ये. सवड मिळाली तर ये, जमलं तर बघ, असं म्हणत नाही. आल्यागेल्याला म्हणतात तसंही म्हणत नाही. मला तू इथे हवा आहेस. गवत जुलैच्या पहिल्या आठवड्यात कापायचं आहे, त्याआधी पोच. परत कधी जायचं ते तुझं तू ठरव, पण नंतर नोंदीत घोळ नको म्हणून माझं म्हणणं आत्ताच लिहून, खाली सही करून पाठवते: परतीचं तिकीट काढू नकोस.

थोरा बाकेन